तोंडावरचा हात

पहिल्या बाकावरच्या एखाद्या पोराला उभं करायचं, मागून त्याच्या तोंडावर आपला रुंद तळहात गच्च दाबायचा आणि वर्गाला विचारायचं, "आता ह्याला बोलता येतंय का?" आमच्या बायोलॉजीच्या मॅडमचा तो ठरलेला धडा.

"हे पोरगं म्हणजे जीन. माझा हात म्हणजे त्याला गप्प बसवणारं प्रोटीन. मेंदूतल्या मज्जापेशी बनवायचे जीन सगळ्याच पेशींत असतात, पण कातड्यात त्यांचं काय काम? म्हणून हा हात. मज्जापेशी व्हायची वेळ आली की हात उचलायचा. न्हाई उचलला तर पेशी कच्चीच राहती अन् वाढत सुटती, मेंदूत गाठ बनती. आतड्यात हाच हात सुटला, तरी कॅन्सर. हात चांगला न्हाई अन् वाईट बी न्हाई. कुठं अन् कवा, एवढंच."

हे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेला येत नव्हतं. लातूरच्या क्लासमध्ये परीक्षेला न येणारं शिकवणं म्हणजे गुन्हाच, पण मॅडमला सांगणार कोण? मी शेजारच्या खोलीत फिजिक्स शिकवायचो. मधे प्लायवूडची भिंत. आधी तिच्यावर डस्टर आदळायचं, मग पट्टी मोडल्याचा आवाज, मग कुणाचं तरी कळवळणं. एकदा त्या तरातरा माझ्या वर्गात आल्या आणि हसणाऱ्या एका पोराच्या अशी कानाखाली काढली की त्याचा चष्मा माझ्या टेबलाखाली गेला. मग मला म्हणाल्या, "माफ करा सर, हा तुमचा होता व्हय?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण पोरं त्यांच्यावर जीव टाकायची. आईबाप स्वतः सांगून जायचे, मारा पण डॉक्टर करा. मॅडम भूकंपात जमीनदोस्त झालेल्या गावातल्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुणी पुढं विचारलं की त्या खडू उचलून वर्गात निघून जायच्या.

त्या दिवशी त्यांनी हदगावच्या एका पोराला उभं केलं. त्याला सर्दी झाली होती, नाक पार चोंदलेलं. मॅडमच्या ते ध्यानात आलं नाही. पोरगं हातपाय झाडायला लागलं, त्यांना वाटलं चाळे करतंय. त्यांनी अजून दाबलं. त्यानं तळहाताचा लचका तोडला, रक्त त्याच्या शर्टावर आलं, तरी हात सुटेना. आरडाओरडा ऐकून मी धावलो आणि त्यांची बोटं एकेक करून उचकटली. एक बोट मोडलं, त्याचा आवाज मला आला. त्यांचे डोळे उघडे होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो. पोरगं खाली पडलं, काळंनिळं. दोन मिनिटांनी त्याला श्वास आला. ती दोन मिनिटं माझ्या वैऱ्यालाही नकोत.

दुसऱ्या दिवशी त्याचा बाप आणि दोन चुलते आले. ऑफिसची काच फोडली, संचालकाची कॉलर धरून त्याला भिंतीवर आपटलं. मी मधे पडलो तर खुर्चीचा पाय माझ्या खांद्यावर बसला, खांदा थंडीत अजून दुखतो. मग बापानं पायातली चप्पल काढली आणि मॅडमकडं वळला. त्या जागच्या हलल्या नाहीत. हाताला पट्टी होती.

"मारा भाऊ," त्या म्हणाल्या. "असंच तोंड दाबून एक लेकरू मारलंय मी."

बापाचा हात वरच राहिला.

"धाकटा भाऊ माझा. सात वर्षांचा. भूकंपात घराचं मातीचं माळवद आलं अंगावर. आम्ही दोघं खाली. वरनं माती गळत होती, त्याच्या तोंडात जाईल म्हणून मी हात ठेवला. लोक वरनं हाका मारत होते. त्याला ओ द्यायची होती. मी दाबूनच धरलं. मला काढलं तवाबी माझा हात तिथंच होता."

बापानं चप्पल खाली टाकली, पायात घातली. मग म्हणाला, "ताई, पोरगं तुमच्याकडंच शिकंल. त्यानंच सांगितलंय तसं."

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. "ह्या हाताचा मला भरवसा न्हाई, भाऊ. त्याला जपा." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही उचकटलात. तिथं मातीखाली उचकटायला कुणी नव्हतं." पर्स उचलली आणि गेल्या. संचालकानं दोनदा माणूस पाठवला. त्यांच्या भाड्याच्या खोलीला कुलूप होतं.

मला आजही स्वतःचा राग येतो. तीन वर्षं शेजारच्या खोलीत होतो, आणि त्यांच्या दंग्यावर चहाच्या टपरीवर विनोद करत होतो.

ते पोरगं पास झालं का, असं लोक विचारतात. झालं. पण मला आठवतो तो मॅडम गेल्यानंतरचा सोमवार. बायोलॉजीच्या तासाला सगळी पोरं माझ्याकडं बसवली होती, शंभरच्या वर. सगळी एकदम बोलत होती, कोण काय म्हणतंय कळत नव्हतं. संचालक दारात आला. "सर, गप करा त्यांना."

"बोलू द्या," मी म्हणालो.