सुगंधाबाईंनी ओळखलेली मेंढरं

देवगाव फाट्याजवळच्या वस्तीवर राहणाऱ्या सुगंधाबाईंना लिहिता-वाचता येत नाही, पण फोन त्यांच्याइतका निगुतीनं वापरणारं माणूस त्या भागात शोधून सापडायचं नाही. वय पन्नाशीच्या पुढचं. नवरा दत्तराव आणि त्या, दोघं दिवसभर साठ-सत्तर मेंढरांच्या मागं हिंडतात. फोन गळ्यातल्या कापडी पिशवीत. नात भक्तीनं एकेका नंबराला चित्र लावून दिलंय: जनावरांच्या डॉक्टरांना सुई, पुण्याला कामाला असलेल्या जीवनला, म्हणजे लेकाला, त्याचाच शाळेतला फोटो. निरोप द्यायचा तो बोलून. मेंढरं सावलीला बसली की बाई बाटल्यांत रंग ओतून जुळवायचा खेळ काढतात. खेळाच्या नऊशे पायऱ्या पार करून पुढं गेल्यात. मधे जाहिरात लागली की फोन मांडीवर पालथा घालतात. "त्येचं बोलून हुईस्तोर आपुन कशाला बघायचं?"

गेल्या उन्हाळ्यात गावोगावच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरला. दोन माणसं एका लेकराला ओढून गाडीत कोंबतात. खाली लिहिलेलं, ही टोळी आपल्या तालुक्यात उतरली आहे, सगळ्यांना पाठवा. भक्तीनं ते वाचून दाखवलं. सुगंधाबाईंनी व्हिडिओ दोन-तीनदा बघितला आणि कुणालाच पाठवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं घेऊन दोघं फाट्यावर आली, तर हॉटेलापुढं ही गर्दी! चादरी विकणारे दोन परमुलखातले गडी मधोमध सापडलेले. एकाचा सदरा फाटलेला, दुसरा हिंदीत गयावया करत होता. चादरी मातीत लोळत होत्या. पंक्चरवाला बालाजी फोन उंच धरून ओरडत होता, "हेच ते! बघा, हेच!"

मेंढरं दत्तरावांवर सोडून सुगंधाबाई काठीनं वाट काढत आत शिरल्या आणि त्या दोघांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"बालाजी, लाव बरं त्यो व्हिडिओ."

"मावशी, तुमी बाजूला सरका. लेकरं चोरायलेत हे लोक."

"लाव म्हणते ना!"

मावशी हटेनात, तेव्हा बालाजीनं व्हिडिओ लावला. गाडी दिसली तशी बाईंनी बोट ठेवलं. "थांबव. गाडीमागं काय हाय?"

"मेंढरं हायत."

"शेपट्या बघ त्यांच्या. भाकरीच्या टोपल्याएवढी चरबी लोंबायलीय. असली मेंढरं आपल्याकडं कुणाच्या कळपात बघितलीस? परभणीच्या बाजारात? मी जलमभर मेंढरं राखली, मला कुटं दिसली न्हाईत. हे दुसऱ्याच मुलखातलं हाय. ह्या गरिबांना हकनाक मारता व्हय?"

फोन हातोहात फिरला. चार म्हातारे धनगर पुढं आले, त्यांनीही नीट बघितलं. "बाई खरं बोलायली," एकजण म्हणाला. उगारलेले हात खाली आले. हॉटेलवाल्यानं पोलिसांना फोन लावला. ते येईस्तोवर सुगंधाबाई तिथून हलल्या नाहीत. चादरीवाल्यांना पाणी दिलं, फाटक्या सदऱ्याच्या गड्याला बाकड्यावर बसवलं. तो तोंड झाकून रडला.

पोलिसांनी आधारकार्डं बघितली, सेलूच्या लॉजवर फोन करून खात्री केली. दोघं खरेच चादरीवाले निघाले.

बालाजी खाली मान घालून उभा होता. बाई त्याला म्हणाल्या, "ज्या ग्रुपवर धाडलास, तितंच आता खरं काय ते सांग."

"माझं कोण ऐकणार, मावशी? तुमीच बोला."

मग त्याच्याच फोनवर सुगंधाबाई बोलल्या. नाव सांगितलं, वस्ती सांगितली, डोळ्यांनी काय बघितलं ते सांगितलं. तो निरोप त्या दिवशी झरी, पालमपर्यंत पोहोचला. दुसऱ्या दिवशी मानवतच्या एका खेड्यात अशाच एका भांडीवाल्याला लोकांनी अडवलं होतं. तो निरोप ऐकून त्याला हात न लावता पोलिसांकडं नेलं, हे बाईंना मागाहून कळलं. तेव्हा त्या दत्तरावांना म्हणाल्या, "बरं झालं बोलले. एवढ्या लोकांत बोलायचं मला लय भ्या वाटायलं होतं."