अंगठ्याचा निवाडा

"थांबा, आंगठ्याला इचारते," असं म्हणून ती मासा डाव्या हातात उचलायची, उजवा अंगठा त्याच्या वरच्या ओठावरून सावकाश फिरवायची आणि डोळे मिटून घ्यायची. भोवती भोई उभे असत. तिने डोळे उघडेपर्यंत कुणी खोकतसुद्धा नसे.

निजामाच्या अमलात मी गोदावरीच्या एका घाटावर नावेचा मुनशी होतो. अलीकडे गेवराईची बाजू, पलीकडे अंबडची. माझ्या घरी मासा नावानेही चालत नसे, आणि माझी बसायची जागा नेमकी त्या म्हातारीच्या पाटीला लागून, एकाच लिंबाखाली. पहिल्या वर्षी मी नाकाला उपरणं लावून काम केलं. पुढे उपरणं खांद्यावर आलं, आणि वासाचं काही वाटेनासं झालं. मी तिला मावशी म्हणत असे. ती मला मुनशी म्हणायची आणि आपल्या अडून बसणाऱ्या गिऱ्हाइकांशी घासाघीस करायला खुशाल पुढे करायची.

तिच्या अंगठ्याचं इतकं महत्त्व का, हे मला कळायला एक पावसाळा जावा लागला. घाटावरच्या भोयांचं देवक तांबर मासा. लग्नात मांडवाखाली आधी देवक बसायचं, मग नवरानवरी. त्यामुळे तांबर जाळ्यात आली की तिच्या कपाळाला हळद लावायची आणि हात जोडून नदीत सोडायची. खाणं तर लांबच. कानस मात्र खुशाल विकायची. तांबर लालसर, तिच्या ओठाला बारीक झालर; कानस काळी, मिशाळ. इथवर सगळं सरळ होतं.

पण नदीला सरळपणाचं वावडं. पुरात हे दोन्ही मासे एकाच उथळ पाण्यात अंडी घालायला चढत आणि पाण्यात काय कशात मिसळे ते पाण्यालाच ठाऊक. मग अधूनमधून एखादी भलतीच मासळी यायची. पाठ काळी, पर लाल, मिशा असून नसल्यासारख्या. हिला हळद लावायची की पाटीत टाकायची? खाल्ली आणि देवक निघालं तर पाप, सोडली आणि कानस निघाली तर पोटावर पाय. म्हणून मग मावशीचा अंगठा.

त्या काळी तिचा निवाडा कडक असे. मिसळ निघाली की ती मासळी काठावर भिरकावायची, घारींसाठी. "मिसळ हाय. ना पुजायची ना खायाची. वांझ आसती," एवढं म्हणून हात धुवायची. खेचराला पिल्लू होत नाही, तसंच हिचं, असा तिचा हिशेब.

हा हिशेब तिने एकदा माणसालाही लावला होता. तिची एकुलती लेक आमच्या नावेवरच्या कोळी नावाड्याबरोबर पलीकडे निघून गेली होती. मावशी विधवा. तिचा थोरला दीर पंचांचा म्होरक्या. लेकीला जातीबाहेर टाकताना पंच थोडे घुटमळले, पण आई घुटमळली नाही. भर घाटावर ती म्हणाली होती म्हणे, की मिसळीला पोर होत नसतं. नावाड्याच्या लोकांनीही त्याला तसाच दूर केला. तो रोज तिच्यासमोर नाव लावायचा, लोक उतरवायचा, चढवायचा. दोघं एकमेकांकडे बघत नसत. तिने त्या नावेला पाय म्हणून लावला नाही. मी मधे बसलेला. ते दिवस मला जड गेले, खोटं कशाला बोलू.

मग एका श्रावणात मिसळ आली, चांगली हातभर. मावशीने अंगठा फिरवला, नेहमीसारखी काठावर भिरकावली. मासळी दगडावर आपटली, पोट फुटलं आणि दगडभर पिवळी अंडी पसरली.

मावशी उठून तिथवर गेली. उकिडवी बसली. अंडी बोटावर घेऊन उन्हात धरली, चुरली, पुन्हा घेतली. घारी वर फिरत होत्या आणि ही त्यांना हातवारे करून हाकलत होती, जन्मात पहिल्यांदा. शेवटी तिने ती सगळी अंडी आणि ती मासळी पदरात भरून नदीत सोडली. उपयोग काहीच नव्हता, हे तिलाही कळत होतं.

परत येऊन बसली आणि मला म्हणाली, "मुनशी, आजवर लई मारल्या मी."

संध्याकाळच्या खेपेला नाव लागली, तेव्हा ती पाटी तशीच टाकून उठली आणि नावेत जाऊन बसली. नावाडी तिच्याकडे बघतच राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तिला आठवा लागलाय." मावशीने मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. पलीकडे उतरेपर्यंत तो वल्हं मारायचंही विसरला होता, असं नंतर तोच सांगायचा. मग नाव पोचली कशी ते त्याने कधी सांगितलं नाही.

ती परत आली नाही. लेकीला मुलगी झाली, आजी तिथेच राहिली. पंचांनी तिलाही वाळीत टाकलं. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही. दिराने स्वतः निर्णय सांगितला. लिंबाखालची जागा रिकामी झाली आणि मला वास नसल्याचा त्रास होऊ लागला.

पुढच्या पावसाळ्यात भोयांच्या जाळ्यात मिसळ आली आणि सगळे अडकले. ज्याने त्याने आपला अंगठा फिरवून पाहिला, पण एकाचा दुसऱ्याला भरवसा नाही. शेवटी तिचा दीर पाण्याने भरलेली घागर घेऊन माझ्याकडे आला. आत मासळी फिरत होती. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "ही पल्याड न्ह्या. कुणाला दावायची ते तुमाला ठावं हाय."

मी विचारलं, तिचं पाणी चालत नाही, मग तिने हात लावलेला मासा कसा चालतो? त्यावर त्याने जरा विचार केला आणि माशाला विटाळ नसतो असं ठरवून टाकलं.

तर अशा रीतीने, मासा न खाणाऱ्या घरातला मी मासळीची घागर दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून नदी ओलांडू लागलो. मावशीही तितकीच पक्की. "जे कोन इचारतंय त्यास्नी सांगा" अशी तिची सुरुवात. तिने रीत बदलली होती. मिसळ निघाली तर ती घागरीच्या गळ्याला हळदीची बोटं ओढायची आणि म्हणायची, "आपली हाय." साधी कानस असेल तर घागर कोरी परत. सगळ्यांनाच हळद लावायची तर अंगठा कशाला, असं मलाच सुनवायची. आणि अलीकडे तिच्या निवाड्याप्रमाणे काळ्या पाठीच्या मासळ्या हळद लावून नदीत सुटू लागल्या. कुणी ब्र काढला नाही.

एकदा घागरीत हात घालून बसली असताना ती म्हणाली, की तांबर आणि कानस मुळात एकाच आईच्या असाव्यात, दोघींचं तोंड चाचपलं की समजतं. कधीतरी पाण्याने वेगळ्या केल्या, आता पाणीच एक करतंय. "आपुन कोन मधी पडनार?"

अशा खेपांत वर्षं सरली. नात शेजारी बसलेली असायची. आजी तिचा अंगठा धरून माशाच्या ओठावर फिरवायची. पोर गोड होती, हुशार होती आणि लग्नाची होत चालली होती. तिथेच मावशीचा जीव टांगलेला. बापाच्या लोकांनी दूर केलेलं, आईच्या लोकांनी दूर केलेलं. पोरीला देवकच नाही. देवक नाही म्हणजे मांडव नाही. "मासळीला हळद लावते मी," ती एकदा म्हणाली, "हिला कोन लावनार?" मी दिराशी बोलून पाहिलं. तो उठून गेला.

त्या उन्हाळ्यात मावशी गेली. नावाड्याने सकाळी येऊन सांगितलं. दिराने ऐकलं, डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं आणि दिवसभर नदीवर गेला नाही. वाळीत टाकलेल्याचं सुतक धरायचं नसतं, हा त्याचाच नियम.

पावसाळा आला. पहिल्या पुरानंतर दीर घागर घेऊन समोर उभा. सवयीने आला होता की काय, मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. मी ती पलीकडे नेली. दारात नात होती. तिने घागर उतरवून घेतली, हात आत घातला, डोळे मिटले. मग आत जाऊन आली आणि घागरीच्या गळ्याला दोन बोटं ओढली.

अलीकडे दिराने ती हळद पाहिली.

"कुणी लावली?"

"नातीनं," मी म्हणालो.

तो घागर घेऊन पाण्यात शिरला. मासळी हातात घेतली आणि स्वतःचा अंगठा तिच्या ओठावरून फिरवला. बराच वेळ. त्याला काही कळलं असेल असं मला वाटत नाही. मग त्याने वाकून ती पाण्यात सोडली आणि हात जोडले.

वर येऊन त्याने घागर विसळली, भरली आणि माझ्यापुढे ठेवली.

"पल्याड न्ह्या. पोरीला म्हनावं, मांडव घालशील तवा देवक आमच्याकडनं घिऊन जा. चुलत आजा जिता हाय म्हनावं."

नाव निघाली. घागरीत नुसतं नदीचं पाणी होतं, तरी त्या दिवशी मी ती मांडीवर घेऊन बसलो.