रोवणीच्या दिवसांत अकराची वेळ

मी ऐन रोवणीत सकाळी अकराला एका घरी भेट ठेवली. रोवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत भंडारा जिल्ह्यात दिवसाउजेडी घरात कुणी सापडत नाही, हे मला पुण्यात बसून सुचलं नाही.

अड्याळला बसमधून उतरलो, तिथून ऑटोने पुढच्या गावी. दाराला कुलूप. ओट्यावर एक कोंबडी होती, तीही मला बघून उठून गेली. शेजारचे आजोबा ओरडले, "कोणाले पाहून राहिले जी? सारे वावरात हायेत, तळ्याच्या खालतं!"

लहान मुलांना बोलतं करणं हा माझा धंदा. इथली साडेतीन वर्षांची आरोही जेमतेम एकेक शब्द बोलायची. कान तपासून झाले होते, ते चांगले होते. तरी तिला नागपूरच्या मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत ठेवायचं घरात घाटत होतं. तिच्या आईने, रंजनाने, मला फोनवर एवढंच विचारलं होतं, "सर, माही पोरगी माह्याजवळ राहून शिकन का?"

बांधीत (भाताच्या खाचरात) बायका ओळीने वाकून रोवत होत्या. आरोही बांधावर बसून डब्याचं झाकण पाण्यात ढकलत होती. तिची आजी म्हणाली, "आले का डॉक्टर! या, पँट वर करा अन् लागा रोवाले."

मी हसलो आणि चित्रांची कार्डं काढली. "हे काय आहे? हे कोण? कावळा कसा ओरडतो?" आरोहीने पाठ फिरवली. मी आवाज वाढवला. बायकांची अख्खी ओळ कमरेवर हात ठेवून बघू लागली. मुलाची चारचौघांत परीक्षा घेऊ नका, असं नव्या सहकाऱ्यांना बजावत मी म्हातारा होत आलोय. आरोही उठून चालू लागली. मी जहाजाचं कार्ड नाचवत मागे. बांध ओला, माझे बूट गुळगुळीत. धप्पकन बांधीत बसलो. कार्डं पाण्यावर पसरली.

आरोहीने माझ्याकडे बोट दाखवलं, आईकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे.

"आई, थो पडला!"

बायका हसून लोटपोट. मीही चिखलात बसून खुळ्यासारखा हसत होतो. तीन शब्द, तिचे तिने जोडलेले! आणि त्याहून मोठं म्हणजे, पाहिलेली गंमत तिला आईला सांगायची होती. मुद्दाम पडलो असतो तर ही माझी उपचारपद्धती आहे, असं ठोकून देता आलं असतं.

मग मी उठलोच नाही. बसल्या जागी तिच्या उंचीचा झालो होतो. तिने झाकण ढकललं, मी परत ढकललं. "गेलं," म्हणालो आणि तोंड मिटलं. माझ्यासारख्या बडबड्याला याहून कठीण काम नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अखीन (आणखी) ढकल."

दुपारी बांधावरच भात, अंबाडीची भाजी आणि कांदा. रंजनाला म्हणालो, "बोलायला उशीर झालाय, मेहनत लागेल. पण आत्ता हॉस्टेल नको. गावच्या अंगणवाडीत जाऊ दे, मी फोनवर तुम्हाला शिकवत राहीन. 'बोल, बोल' म्हणू नका. ती जे बघते त्याबद्दल दोन शब्द बोला, मग थांबा."

रंजनाने न विचारताच माझ्या ताटात आणखी भात वाढला आणि तोंड तळ्याकडे फिरवलं. आजीनेच खात्री करून घेतली, "मंग नागपूर नाही ना?"

"नाही."

"बरं झालं बापा. जीवाले घोर लागला होता."

माझ्याही जिवाला तो घोर होता, हे परतीच्या गाडीत कळलं. अडचणीत आलेल्या घरी मी नेहमी उत्तरं घेऊन जातो, आणि ती ऐकवायची मला फार घाई असते. त्या दिवशी बरं उत्तर देता आलं, ते गप्प बसलो म्हणून.

अर्थात, गप्प बसणं संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. मला पोचवायला तिघी रस्त्यापर्यंत आल्या. शेजारच्या आजोबांचं धोतर नेसून मी ऑटोत बसलो आणि वाकून म्हणालो, "आरोही, टाटा म्हण! म्हण ना, टाटा, सर!" ती आईच्या पदराआड गेली. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात आजी म्हणाली,

"तुमी जा बरं आता, डॉक्टर. तुमी गेल्याबिगर थे काही बोलत नाही."