काडी पेटली तर चावी

किस्से काही कोणी मुद्दाम जमवत नाही. पहिल्या मजल्यावर घर असावं, स्वयंपाकघराची खिडकी पार्किंगवर उघडावी आणि कान शाबूत असावेत, एवढं पुरतं. शेजारणीची फोडणी जशी न बोलावता आपल्या घरात येते, तसे किस्सेही येतात. लोक मला चौकस म्हणतात. काही जण दुसरा शब्द वापरतात. तोही मला खिडकीतूनच ऐकू येतो!

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला. आमच्या समोरच्या दारात सावंतवहिनी राहतात. मूळच्या मालवणकडच्या. खुशीत असल्या की मराठी बोलतात, तापल्या की मालवणी. त्यांचा मुलगा प्रसाद लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक आहे. कुठे माणसं लिफ्टमध्ये अडकली की याला फोन येतो आणि हा बाइक काढून पळतो. आज भांडुप, उद्या घाटकोपर. त्याच्या बाइकचा आवाज आला की मी गॅस बारीक करते. तो कुठे चाललाय ते ऐकायला नको का!

*

सगळी सुरुवात गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला झाली.

प्रसादकडे तेव्हा फुटपाथवरून घेतलेला पोंचो होता. म्हणजे तंबूच तो, मधे डोकं घालायला भोक. "काकू, एकदम झकास! मी पण झाकतो, टूल्सची बॅग पण झाकते," असं मला कौतुकाने सांगून गेला होता.

झाकली सगळी. पण पुलाच्या उतारावर वाऱ्याने त्या तंबूचं टोक उडालं आणि मागच्या चाकात गेलं. गाडी एकीकडे, हा एकीकडे! नशीब की मागे मोठी गाडी नव्हती. खांद्याचं हाड मोडलं, त्यावर निभावलं.

वहिनींबरोबर हॉस्पिटलात मीही गेले. हात गळ्यात बांधून हा पलंगावर बसलेला. आईला बघताच म्हणतो, "आई, पोंचो जास्त फाटला का गं?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "मेल्या, पोंचो मरांदे! तुझो खांदो खंय हा, तां बघ आधी!"

*

हाड जुळलं. हिवाळा-उन्हाळा गाडी चालली. पण यंदा जून लागला तशी वहिनींनी गाडीची चावी उचलली आणि देव्हाऱ्यात गणपतीच्या पाठीमागे ठेवून दिली. "पावसात गाडी नाय."

इकडे प्रसादच्या साहेबांचा फोन. तो त्याने जिन्यात स्पीकरवर घेतला, त्यामुळे मला फार कष्ट पडले नाहीत. साहेब म्हणत होते, पावसातच लिफ्ट जास्त अडकतात. सोमवारपासून गाडी नसेल तर या एरियाला दुसरा माणूस बघतो.

प्रसादचं तोंड एवढंसं झालं. घरात कमावता तो एकटा. वहिनींना नोकरीही हवी होती आणि मुलगाही हवा होता, आणि गणपतीच्या मागे चावी एकच होती.

शेवटी वहिनींनीच तोड काढली. नीट रेनकोट आण. शर्टाच्या खिशात काडेपेटी ठेव. पावसात फिरून ये. घरी आल्यावर काडी पेटली तर दुसऱ्या दिवशी चावी मिळेल. आणि धो धो पावसात दिवसभर फिरून काडी पेटली, तर चावी कायमची. "काडी पेटली तर चावी. नाय पेटली तर घरात बस."

मी विचारलं, "वहिनी, काडेपेटीच का?"

"गावाक पावसात काडेपेटी सुकी ठेवणारो तो शाणो," त्या म्हणाल्या.

*

रेनकोट घ्यायला आम्ही तिघं स्टेशनपलीकडे पश्चिमेला गेलो. माझं तिथे काही काम नव्हतं, म्हणूनच गेले.

दुकानदार गुजराती, गोड माणूस. प्रसादने सूट चढवला, आरशात बघितलं, "बसतोय, द्या," म्हणाला. वहिनींनी विचारलं, "गाडी काय उभ्याने चालवतोस?"

त्यांनी दुकानातलं स्टूल पुढे ओढलं आणि त्याला वर टांग टाकून बसवलं. हात पुढे करायला लावले. पँट सरसर वर चढून पोटऱ्या उघड्या. बाह्या कोपराकडे निघाल्या. दुसरा साइज. पुन्हा बस. "ब्रेक मार. आता वळ. मागे बघ." गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली. प्रसाद लाजून लाल.

दुकानदार म्हणाला, "काकी, गाडी चालू झाली की सांगा हां, मी साइडला होतो!"

पण ते स्टूल खरं बोललं. नेहमीपेक्षा दोन साइज मोठा लागला. आता तो दुकानदार सगळ्यांनाच स्टुलावर बसवतो, मी स्वतः बघून आले आहे.

*

पहिला सूट स्वस्तातला होता, जाड प्लॅस्टिकचा. प्रसाद ऐरोलीच्या पुलापर्यंत जाऊन आला. बाहेरून पाणी निथळत होतं, आत एक थेंब शिरला नव्हता. ऐटीत काडेपेटी काढून त्याने आईच्या हातात दिली.

वहिनींनी काडी ओढली. फुस्स! दुसरी ओढली, तिचं गूलच निघून आलं. शर्ट बघतो तर पिळून काढावा असा.

"आई, हे पावसाचं पाणी नाही! घाम आहे, घाम! आत वारा कुठे खेळतो?"

"पाणी खंयसून इला ता काडयेक काय म्हायत?" वहिनी म्हणाल्या आणि चावी गणपतीकडे परत गेली.

मग मलाच दया आली. आमच्या ह्यांनी जन्मभर स्कूटर चालवली आहे. ते म्हणाले, आतून जाळीचं अस्तर हवं आणि पाठीला वारा जायला झडप हवी. मी तसंच वहिनींना सांगितलं. फक्त "हे म्हणाले" ऐवजी "मला वाटतं" म्हणाले.

*

दुसरा सूट महागाचा. अस्तर, झडप, सगळं. प्रसाद परत आला, काडी पहिल्या फटक्यात पेटली! मी दारातून टाळ्या वाजवल्या.

पण पोरगा पाय फाकवून उभा. वहिनींनी विचारलं, "असा काय उभा?"

झालं होतं असं, की गाडीवर बसलं की मांडीत पाण्याचं तळं साचतं. पँटच्या पुढच्या चेनवर झाकणपट्टी नव्हती. तळ्यातलं सगळं पाणी चेनमधून आत. वरून कोरडा ठणठणीत, खालून विसर्जन!

"पण काडी पेटली ना! नियम काय ठरला होता?" प्रसाद वकिलासारखा भांडायला लागला.

वहिनींनी नियम मानला. चावी दिली. पण त्या दिवसापासून दोन काडेपेट्या सुरू झाल्या. एक शर्टाच्या खिशात, एक पँटच्या.

चार दिवसांनी कांजूरमार्गला टपरीवर कोणीतरी त्याच्याकडे काडी मागितली. प्रसादने दोन्ही पेट्या काढल्या आणि विचारात पडला, कारण संध्याकाळी दोन्हीची परीक्षा होती. त्या माणसाला म्हणाला, "वरची देऊ की खालची?"

बिल्डिंगमध्ये बातमी आली की सावंतांचा प्रसाद इतकी ओढतो, की दोन-दोन पेट्या लागतात. मी लगेच सगळ्यांना खरी गोष्ट सांगितली. बातमी आधी कोणी पसरवली होती, ते सोडा.

*

दुकानदार भला, त्याने तो सूट बदलून दिला. आता रंगाचा प्रश्न. प्रसादला काळा हवा होता. वहिनी म्हणाल्या, "काळ्या ढगात काळो कपडो? मागच्या ट्रकवाल्याक काय दिसतला?" आणि पोपटी घेतला. झगझगीत, वर चमकत्या पट्ट्या. चेनवर दुहेरी झाकण, मनगटाला आणि घोट्याला घट्ट पट्टे. माणूस नव्हे, सिग्नल!

पहिल्याच दिवशी भांडुपला एका आजींनी हात करून गाडी थांबवली. "बरं झालं आलात! दोन दिवस गटार तुंबलंय. किती तक्रारी करायच्या?"

प्रसादने समजावलं, "आजी, मी गटारवाला नाही. मी लिफ्टवाला."

आजी म्हणाल्या, "मग लिफ्टने खाली जा आणि बघ!"

बिचाऱ्याने काठी घेऊन जाळीवरचा कचरा बाजूला केला, तेव्हा कुठे सुटका झाली.

*

सूट जमला, तर वहिनींना बुटांची काळजी. त्यांनी बुटांवर घालायची प्लॅस्टिकची कव्हरं आणली. गाडीवर उत्तम. पाणी नाही, चिखल नाही.

घाटकोपरला एका बिल्डिंगमध्ये लिफ्ट अडकली होती, आत एक आजोबा-आजी. प्रसाद घाईत कव्हरं न काढताच आत शिरला. लॉबीत चकचकीत फरशी. दारापासून जो घसरला, तो थेट लिफ्टच्या दारावर. धडाम!

तळमजल्याच्या जरा वर लटकलेल्या लिफ्टमधून आजोबांचा आवाज आला, "अरे, लागलं का रे तुला? सावकाश उठ. आम्ही आहोत इथेच!"

ती कव्हरं आता वहिनी लोणच्याच्या बरण्यांवर बांधतात. प्रसादने खडबडीत तळव्याचे गमबूट घेतले.

*

एवढं सगळं झालं आणि पाऊसच दडी मारून बसला! नुसती भुरभुर. काड्या रोज पेटत होत्या, पण वहिनी म्हणायच्या, "ह्यो काय पाऊस? ह्या तर शिंपण." रोज संध्याकाळी चावी देव्हाऱ्यात, रोज सकाळी बाहेर. आणि प्रसादला कामावर रोज सकाळी दहा मिनिटं उशीर, कारण वहिनी पूजा झाल्याशिवाय चावी काढत नसत. साहेब वैतागले होते. "सावंत, आता शेवटचं सांगतोय," हेही मी जिन्यात ऐकलं.

मग गेल्या गुरुवारी आभाळ फाटलं. सकाळपासून असा कोसळला, की समोरची बिल्डिंग दिसेना. प्रसाद आठला गेला होता. चारला वहिनी माझ्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. मी चहा केला, त्यांनी घेतला नाही. फोन लागत नव्हता. पाचला म्हणाल्या, "मीच दिलंय चावी. माझ्याच हातान." मी भजी तळायला घेतली. तीही घेतली नाहीत.

सहाच्या सुमाराला बाइकचा आवाज! मी गॅस बंदच केला. खाली पोपटी रंग दिसला आणि वहिनी जिन्याकडे धावल्या.

वर आला तो पोपटी सूट, डोक्याला हेल्मेट, काच वाफेने पांढरी. वहिनींनी त्याला दंडाला धरून दारात ओढलं. "झिला, किती उशीर! जीव घेतलंस माझो!" बोलता बोलता त्यांनी सूटची चेन खर्रकन खाली ओढली, शर्टाच्या खिशात हात घातला, काडेपेटी काढली. काडी ओढली. पेटली! काय सुंदर पेटली हो! वहिनींच्या डोळ्यांत पाणी. "आता खालची," म्हणून त्यांचा हात पँटच्या खिशाकडे वळला, तसा हेल्मेटमधून घाबरा आवाज आला, "थांबा, मीच देतो!" आणि दुसरी पेटी आपण होऊन बाहेर आली. तीही पेटली.

तेवढ्यात जिन्यावरून पचपच करत प्रसाद आला. बनियनपर्यंत भिजलेला, केसांतून पाणी, पण धडधाकट.

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं, मग हेल्मेटकडे बघितलं. हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा भानावर आल्या.

हेल्मेट निघालं. आत पन्नाशीचे, चष्मा लावलेले गृहस्थ. प्रसादचे साहेब! भांडुपला त्यांची कार पाण्यात बंद पडली, जवळच्या पिशवीत इन्स्पेक्शनचे कागद, वर साहेबांना खोकला. प्रसादने आपला सूट उतरवून त्यांना चढवला, मागे बसवलं आणि पाऊस कमी होईपर्यंत चहाला घरी आणलं.

वहिनींनी आधी लेकाचा खांदा चाचपून बघितला. मग त्याच्या ओल्या मुठीतून चावी घेतली. देव्हाऱ्याकडे गेल्याच नाहीत. दाराशेजारी छत्रीचा खिळा आहे, त्याच्यावर चावी अडकवली आणि चहा टाकायला आत गेल्या. मी भिंतीला टेकून उभी राहिले.

साहेब अजून उंबऱ्यातच. चेन उघडी, एका हातात कागदांची पिशवी. हळूच म्हणाले, "सावंत, तू मला त्या काडेपेट्या खिशात ठेवायला का दिल्यास? आणि हे आत्ता काय होतं?"

प्रसाद टॉवेलने डोकं पुसत म्हणाला, "परीक्षा होती, साहेब. तुम्ही पास झालात."