पहिलं कोण बसणार

महालिंगप्पांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यांनी दोन माणसं जीपमधून उतरवली तेव्हा. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात मला उमरग्याला जायचं होतं. लोहाऱ्याच्या स्टँडबाहेर काळीपिवळी जीप उभी होती. आत गाठोडं घेतलेली एक बाई आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला एक गृहस्थ बसले होते. दोघं आधीच आहेत म्हणजे गाडी लवकर सुटेल, असा विचार करून मी बसलो. माझ्यामागून दहा मिनिटांत गाडी भरत आली. तेवढ्यात महालिंगप्पांनी बोनेटवर थाप मारली, आणि ती दोघं मुकाट्यानं उतरून मागच्या रिकाम्या जीपमध्ये जाऊन बसली. बाई म्हणजे त्यांची बायको मल्लम्मा, आणि गृहस्थ मेहुणे बंडप्पा.

महालिंगप्पांचं काम एवढंच, गाड्या भरून देणं. रिकाम्या जीपमध्ये पहिलं कुणी बसत नाही, कारण पहिला बसतो त्यालाच सगळ्यात जास्त ताटकळावं लागतं. सगळे टपरीपाशी उभे राहून एकमेकांकडं बघत राहतात. हा गुंता त्यांनी एका गाठोड्यावर सोडवला होता. मी तीस वर्षं गणित शिकवलं. वर्गात पहिला हात वर व्हायची वाट बघण्यात माझे किती तास गेले, आणि मला असं काही सुचलं नव्हतं.

हे मी प्रसेनजितला फोनवर सांगितलं. आमच्या शाळेतून गेलेला सगळ्यात हुशार मुलगा तो. सध्या पुण्यात असतो, माणसांच्या वागण्यावर गणिताच्या अंगानं संशोधन करतो. आठवड्याची रजा काढून आला. आल्या दिवशी माझ्या ओसरीवर बसून त्यानं मला समजावलं.

"सर, गेम थिअरी म्हणते, माणूस आपलं ठरवतो ते दुसरा काय करील हे बघून. केऑस थिअरी म्हणते, सुरुवातीला केसाएवढा फरक पडला तरी पुढचं सगळं बदलतं. नियम ठाऊक असले तरी शेवट सांगता येत नाही. दोन्ही एकत्र धरली की अफवा, बाजार, निवडणूक, पुष्कळ उलगडतं. तुमचा जीपस्टँड त्याचंच उदाहरण आहे."

'तुमचा' म्हणाला म्हणून मी सुखावलो. मी त्याच्यासाठी आलेख काढून ठेवले होते, कोणत्या वारी, किती वाजता, किती मिनिटांत गाडी भरली त्याचे. त्यानं ते नीट पाहिले, घडी करून वहीत ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो स्टँडवर गेला. मग रोजच.

मी एकदा बघायला गेलो तर दोघं चहा पीत होते.

"काका, गाडी आता भरणार हे तुम्हाला कळतं कसं?"

"माणूस गाडीकडं बघत न्हाय रे, गाडीतल्या माणसाकडं बघतो," महालिंगप्पा म्हणाले. "सहा बसले की मला वरडायचं काम न्हाय. पर त्यातला एक पानी प्यायला उतरला, की मागनं चार उतरत्यात. मोडली गाडी. म्हणून पान्याची बाटली म्या हातातच ठेवतो."

प्रसेनजितनं ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. माझं एखादं वाक्य त्यानं दहावीनंतर लिहून घेतल्याचं मला आठवत नाही.

"गुरुजी, लई हुशार केलं पोरगं तुमी," महालिंगप्पा मला म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी प्रसेनजित त्यांच्याकडं जेवला. आमच्या घरी त्याच्यासाठी केलेले धपाटे तसेच राहिले. मल्लम्माकाकूंची भाकरी किती पातळ असते, हे त्यानं मला संध्याकाळी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरून जाताना मला दोन बाया जीपमध्ये चढताना दिसल्या. मी थांबलो आणि हळूच म्हणालो, "आत बसलेली दोघं त्यांच्या घरचीच आहेत. गाडी भरली की उतरतील."

बाया खाली उतरल्या आणि टपरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत ही गोष्ट स्टँडभर झाली. त्यानंतर मल्लम्मा आणि बंडप्पा जीपमध्ये बसून राहायचे आणि लोक बाहेरून हसायचे. कुणी खरा प्रवासी बसला तरी तो घरचाच वाटायचा. लोक कंटाळून एसटीनं जाऊ लागले. शेवटी ड्रायव्हर उमाशंकर सगळ्यांच्या वतीनं म्हणाला, "अप्पा, सोमवारपतुर बघतो. न्हायतर दुसरा माणूस ठेवावा लागंल आमाला." साठीला आलेल्या माणसाला लोहाऱ्यात दुसरं काम कोण देणार होतं?

प्रसेनजितला मात्र नवीन प्रश्न मिळाला होता. "सर, कुणीतरी एखादं वाक्य बोललं असणार, तेवढ्यानं सगळं उलटलं. कोण बोललं ते कळायला हवं होतं." मी पाणी आणायला आत गेलो.

सोमवारी सकाळी मी कबूल करायला स्टँडवर गेलो. माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत महालिंगप्पा म्हणाले, "त्या बाया मला त्याच दिवशी बोलल्या, गुरुजी."

"मग मला काही म्हणाला नाहीत?"

"काय म्हणावं? खोटं थोडंच सांगितलं तुमी." मग त्यांनी विचारलं, "पोरगं माझ्या घरी जेवलं, त्याचंच ना?"

मी मान डोलावली.

"मग बसा गाडीत."

"मला उमरग्यात काही काम नाही."

"काढा एखादं. तुमी सांगितलं म्हणून लोकांला पटलं. आता तुमी बसलाव तरच पटंल. पर मधी उतरायचं न्हाय. उमरग्यापतुर जायचं."

मी बसलो. टपरीपाशी उभ्या असलेल्या एकानं विचारलं, "गुरुजी, खरंच चाललाव, का तुमी बी अप्पांच्या घरचे झालाव?" सगळे हसले. "खरंच चाललोय," मी म्हणालो आणि सगळ्यांसमोर उमाशंकरच्या हातात भाडं ठेवलं. थोड्या वेळानं एकजण चढला, मग दोघं. गाडी भरायला सत्तावीस मिनिटं लागली. उमरग्यात मी एक पेन विकत घेतलं आणि परत आलो. त्या आठवड्यात मी चार वेळा उमरग्याला गेलो. दुसऱ्या माणसाचं नाव उमाशंकरनं पुन्हा काढलं नाही.

प्रसेनजित रजा संपवून पुण्याला गेला होता. त्याला मी फोनवर सगळं सांगितलं. त्यानं वार आणि मिनिटं पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "सर, हे लेखात घालू का?" मी हो म्हणालो. लेखाच्या शेवटी ज्यांचे आभार मानले आहेत, त्यांत महालिंगप्पांचं नाव पहिलं आहे आणि माझं दुसरं. ते पान उघडलं की मला अजूनही थोडं लागतं.

महालिंगप्पा आता एकसष्ट वर्षांचे आहेत. घरच्यांना ते गाडीत बसवत नाहीत. सकाळी सात ते दुपारी दोन ते स्टँडवर असतात, आणि उमरग्याच्या गाडीत खरोखर किती माणसं बसली आहेत तो आकडा ओरडून सांगतात.