पोत्यामागे किती डिझेल

“मॅनेजर साहेब, गजाननले आजच काढून टाका. डिझेल इकून राह्यला तो.”

अध्यक्ष दारातूनच बोलले. मी अनसिंगजवळच्या एका शेतकरी गटाची अवजार बँक सांभाळतो. म्हणजे ट्रॅक्टर, पेरणीयंत्र वगैरे सभासदांना भाड्याने देतो. गजानन आमचा ड्रायव्हर. ट्रॅक्टरला हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, जोडून तो शेतोशेती सोयाबीन काढतो. तो डिझेल चोरून विकतो, असा संशय मलाही होताच. डिझेलच्या बाबतीत मी सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही.

तरी म्हटलं, काढून टाकण्याआधी बघू. तक्ता मांडला: दिवसाची पोती आणि दिवसाचं डिझेल. वीस पोत्यांना पंधरा लिटर. त्याच दराने चाळीस पोत्यांना तीस लागायला हवं. लागलं पंचवीस. साठ पोत्यांना पस्तीस. म्हणजे पोत्यामागचा दर रोज वेगळा, आणि काम वाढलं की कमी! मग आलेख काढला. रेघ सरळ आली. पण ती शून्यातून निघायला हवी. पोती नाहीत तर डिझेलही नाही. आमची पाच लिटरपासून निघत होती.

“हे पाहा! रोजची पाच लिटरची कॅन!” अध्यक्षांना चोर सापडलाच.

दुसऱ्या दिवशी न सांगता शेतावर गेलो. सीटखाली पाहिलं, कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागे पाहिलं. कॅन नाही. गजानन झाडाखाली भाकर खात होता आणि ट्रॅक्टर एकटाच धडधडत होता.

“बंद काहून नाही करत रे?”

“बंद केला तं चालू कोन करन? बॅटरी मेली हाय. सकायी शेजाऱ्याची बॅटरी लावतो, मंग संध्याकायपर्यंत तसाच चालू ठेवतो. हडंबा जोडला का धक्काबी मारता येत नाही. अध्यक्ष साहेबाले किती डाव सांगतलं!” मग त्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. “तुमी सीटखाली काय पाहून राह्यले होते?”

रोजचे पाच लिटर इथंच, ट्रॅक्टर नुसता चालू ठेवण्यात जळत होते. लाज वाटली.

नवी बॅटरी त्याच आठवड्यात आली. रेघ जवळजवळ शून्यातून निघू लागली. अध्यक्षांनी गजाननला सगळ्यांसमोर चहा पाजला. त्यानं चहा संपवला आणि किल्ली टेबलावर ठेवली. आता तो शेलूबाजारला दुसऱ्याचा हडंबा चालवतो.

डिझेल किती जास्त गेलं, एवढंच आलेखानं सांगितलं होतं. कोणी नेलं, ते आम्ही आपल्या मनानं ठरवलं. ऐन सोयाबीनच्या दिवसांत आम्ही ड्रायव्हर शोधतोय.