आडनावासकट

नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑफिस सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शिपायाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ते फायलींचं कपाट इकडे ओढा. हिच्या टेबलासमोर आडवं लावा."

शिपाईमामांनी कपाट ओढलं. फरशीवर पांढरा ओरखडा उठला. कपाटाची पाठ माझ्या तोंडासमोर आली. पलीकडे बाई कुणाला तरी सांगत होत्या, आवाज खाली आणायची तसदी न घेता, "आवाज गोड आहे हो मुलीचा. पण चेहरा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला नको."

मी टेलिफोन ऑपरेटर होते. अंधेरी पूर्वेला, कारखान्यांच्या वसाहतीत, एका औषध कंपनीच्या ऑफिसात. वय एकोणीस. टेम्पररी. गिरण्यांचा संप होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि कुठलीही नोकरी म्हणजे नोकरी होती. सगळे फोन माझ्या हातून आत जायचे. साऱ्या मुंबईतून माणसं माझ्याशी बोलायची आणि मी दोन वर्षं गंजलेल्या पत्र्याकडे बघत त्यांना "नमस्कार" म्हणायची.

माझा खालचा जबडा पुढे आलेला होता. खालचे दात वरच्यांच्या बाहेर. ओठ मिटायचे तर जोर लावावा लागे. पेरूचा चावा मी कधी घेतला नाही. भाकरी हातानं बारीक मोडायची आणि दाढांकडे सारायची. शाळेत नावं पडली, ती इथे लिहीत नाही. पोरांचं मला फारसं लागलंही नाही. पोरं बुटक्याला चिडवतात, जाड्याला चिडवतात, सगळ्यांनाच चिडवतात. मोठी माणसं चिडवत नाहीत, ती कारण सांगतात.

बाईंनी सांगितलं. डबे खायच्या खोलीत, मी कोपऱ्यात बसलेली असताना.

"हाडं चघळून चघळून जबडे असे पुढे येतात म्हणे. पिढ्यान् पिढ्या तेच खाणं ना त्यांचं."

आम्ही बौद्ध. आडनावावरून कळतं. बाईंनी माझा फॉर्म दोनदा वाचला होता.

चपात्या चालू राहिल्या, लोणचं इकडून तिकडे गेलं. माझ्या डब्यात त्या दिवशी मेथीची भाजी होती. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवसापासून डबा कपाटामागे खाऊ लागले. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, त्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त.

आम्हां टेम्पररी लोकांना दर काही महिन्यांनी ब्रेक द्यायचे. म्हणजे काही आठवडे घरी बसवायचं आणि मग नव्यानं कामावर घ्यायचं. सलग नोकरी भरली तर पर्मनंट करावं लागेल ना, म्हणून. अशाच एका ब्रेकच्या आधी बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पुढच्या वर्षी रिसेप्शनची जागा निघणार आहे. पर्मनंट. तुझं इंग्रजी बरं आहे, आवाज आहे. पण तोंडाचं काहीतरी करून घे. हल्ली ऑपरेशन होतं म्हणे."

पर्मनंट. हा शब्द आमच्या घरात देवासारखा होता. अण्णा, म्हणजे माझे वडील, विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. तेही पर्मनंट व्हायला चौदा वर्षं घासले होते. तरी त्यांनी ऐकलं आणि ताट बाजूला सारलं.

"माझ्या पोरीचं हाड कापायला सांगणारी ती बाई कोण लागून गेली?"

आई म्हणाली, "अहो, पण तिला नीट चावता येईल."

"चावायला काय अडलंय आजवर? उपाशी राह्यली का ती?"

मी म्हटलं, "अण्णा, चावण्यासाठीच करतेय."

खोटं बोलले. मी ते त्या बाईसाठी करत होते, त्या खुर्चीसाठी. माझं हाड कापून घेतलं की मी पुढे बसणार होते. एवढा साधा हिशेब होता.

दातांच्या सरकारी इस्पितळात पहिल्यांदा गेले तेव्हा बाकावर शेजारी एक मुलगी बसली होती. गोरी, घाऱ्या डोळ्यांची, पार्ल्याहून आलेली, सोबत आई. त्या मुलीनं तोंडावरचा रुमाल काढला आणि मी बघतच राहिले. तिचा जबडा अगदी माझ्यासारखा. खालचे दात बाहेर, ओठ उघडे. आरशात बघावं तसं.

तिची आई माझ्याशी गोड बोलली. "हार्मोन्सचं असतं हं हे. वाढीचा दोष. हिचे आजोबा पण असेच होते."

मी विचारलं, "तुमच्यात मटण खातात?"

"छे गं! अंडंसुद्धा नाही घरात."

मी हसले. त्या बाईंना कळलं नाही का. मला मात्र त्या बाकावर लख्ख कळलं. तिच्या तोंडात होता तेव्हा तो वाढीचा दोष होता. माझ्या तोंडात आला की तो दोष नव्हता, जात होती. हाड तेच, डॉक्टर तोच, आणि क्ष-किरणाच्या फिल्मा खिडकीशी धरल्या तेव्हा कुणाची कुठली हे डॉक्टरांनासुद्धा पाठीमागची चिठ्ठी वाचून बघावं लागलं.

तिथूनच परत फिरायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. मी फिरले नाही. कळणं आणि वळणं यांत माझं वर्ष गेलं. आधी दातांना तारा लावल्या. त्या घेऊन मी कपाटामागे बसत राहिले. मग वर्ष सरल्यावर जो ब्रेक आला त्याच्या पहिल्याच आठवड्यात ऑपरेशन.

जबडा दोन्ही बाजूंनी मागे कापला, आत सरकवला आणि खालचे दात वरच्या दातांना तारेनं बांधून टाकले. सहा आठवडे. तोंड उघडणार नाही, बोटभरही नाही. जाग आली तेव्हा चेहरा भोपळ्याएवढा सुजला होता आणि हनुवटी माझी नव्हतीच. हात लावला तर दुसऱ्या कुणाची तरी लागली.

डॉक्टर अण्णांना म्हणाले, "उलटी झाली तर बाहेर यायला वाट नाही. श्वास कोंडेल. तार कापायची पक्कड चोवीस तास हिच्याजवळ हवी. जीव गुदमरला तरच कापायची. एरवी हात लावायचा नाही."

अण्णांनी कारखान्यातून छोटी पक्कड आणली. पाती घासून धार काढली. सुतळीत ओवून माझ्या गळ्यात घातली. मग खिडकीच्या गजाला तार गुंडाळून आधी आईला कापायला लावली, मग शेजारच्या मावशींना, मग मला. "एका दमात. हात थरथरता कामा नये," म्हणाले. ऑपरेशनला नाही म्हणणारा हा माणूस. दोन दिवस आमच्या खिडकीत तारेचे तुकडे पडत होते. मी सुजलेल्या डोळ्यांनी बघत होते आणि मला रडू येत होतं. तोंड बंद असताना रडणं फार अवघड असतं, नाक चोंदतं.

खाणं सगळं पातळ. दाढांमागच्या फटीतून नळीनं आत सोडायचं. इस्पितळाच्या कागदावर फळांचा रस आणि प्रोटीनची पावडर लिहिली होती. आईनं तो कागद घडी करून ठेवून दिला आणि बकऱ्याच्या पायांची हाडं आणली. सकाळपासून चुलीवर ठेवायची, दुपारी जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून दोनदा गाळायची. चाळीतल्या बायकाही वाटीवाटीनं आणून द्यायच्या. हाडांचा रस्सा पिऊन माझं हाड जुळलं. बाईंना हे सांगायची फार इच्छा होती.

पाचव्या आठवड्यात ब्रेक संपला. गेले नसते तर जागा गेली असती. म्हणून बांधलेल्या तोंडानं, गळ्यात पक्कड घालून, पवईच्या तलावाकडेनं जाणाऱ्या बसनं कामावर गेले. फोन घेता येईना, तर पाकिटांवर तिकिटं चिकटवायला बसवलं. बोलायला भाच्याची दगडी पाटी घेतली होती. वीस वर्षांची बाई, पाटी-पेन्सिल घेऊन.

बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. उठून टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या. इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या. माझी हनुवटी बोटानं उचलून त्यांनी चेहरा इकडून तिकडून पाहिला.

"अगंबाई! किती छान! आता अगदी आमच्यातली दिसतेस. कुणी ओळखणारसुद्धा नाही."

मी उभी होते. त्यांचं बोट मला जाणवत नव्हतं.

"तार निघाली की पुढेच बस. हे बघ, करूनसुद्धा आणलंय." त्यांनी खणातून टेबलावर ठेवायची नावाची पट्टी काढली. काळं प्लास्टिक, पांढरी अक्षरं. त्यावर माझं नाव होतं. नुसतं पहिलं. "नाव गोड आहे तुझं. आडनाव कशाला? आता चेहरा झालाय, मग उगाच लोकांना कळवायचं कशाला?"

त्या प्रेमानं बोलत होत्या. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. त्यांना खरंच वाटत होतं की त्या मला काहीतरी देताहेत.

मी पाटीवर लिहिलं. माझं नाव, अण्णांचं नाव, आडनाव. मोठ्या अक्षरात. त्यांच्यासमोर धरलं.

बाईंनी पाहिलं. हसल्या. टेबलावरचं फडकं घेतलं आणि अण्णांचं नाव पुसलं, आडनाव पुसलं. "वेडी आहेस," म्हणाल्या.

माझा हात गळ्याशी गेला. पक्कड मुठीत आली. जीव गुदमरला तरच, डॉक्टर म्हणाले होते. माझा गुदमरत होता. एका दमात कापली असती, हात थरथरला नसता. पण अण्णांनी ती पक्कड या बाईसाठी घासली नव्हती. मी ती सोडली आणि बंद दातांतूनच बोलले. ओठ हलत नव्हते. शब्द लाळेसकट बाहेर आले.

"पूर्ण नाव. नाही तर नको."

"अगं, बोलू नकोस, तार तुटेल!"

"तुटू दे."

मग मी बंद दातांतून पूर्ण नाव म्हटलं. एकदा. ते कुणालाही नीट कळलं नसतं, पण बाईंना कळलं. त्यांनी पट्टी परत खणात ठेवली.

तार निघाली. दोन महिने टेलिफोनच्या बोर्डावर काम केलं, कपाटामागेच. पहिल्या दिवशी मीच ते ढकलायला गेले. शिपाईमामा मालवणकडचे, मला बाजूला करायला धावत आले. "सर गो चेडवा, जड आसा ता." मी म्हटलं, "मामा, आणताना नाही बोललात." ते बाजूला झाले. कपाट हातभर सरकलं, संध्याकाळी परत जागेवर होतं. पुढचा ब्रेक मिळाला आणि त्यानंतर बोलावणं आलं नाही. रिसेप्शनला दुसरी मुलगी बसली.

हनुवटीची डावी बाजू माझी अजून बधिर आहे. तिथे भाताचं शीत लागलं तर मला कळत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. तिथली जाणीव परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले. हे मी त्या खुर्चीसाठी दिलं, माझ्या हातानं सही करून. त्याचा दोष मी बाईंवर टाकत नाही. पण हाड एकदा दिलं तेवढं पुरे. आता यापुढे माझ्यातलं काहीही कुणाला कापायला मिळणार नाही.

ती नोकरी गेल्यावर पुढच्याच महिन्यात घाटकोपरला एका ऑफिसात मुलाखतीला गेले. टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

मी पूर्ण नाव सांगितलं. त्यानं पहिलं नाव लिहिलं आणि पेन खाली ठेवला.

"पेन उचला," मी म्हटलं. "अजून दोन शब्द आहेत."